चित्र उलटवण्याआधी

"मोबाईलवर एका बोटाने फोटो उलटा होतो, मग त्यासाठी पायथॉन कशाला शिकायचे?" हा प्रश्न आमच्या वर्गात वारंवार निघतो. बी.ए.च्या मुलांनी संगणकाची भाषा शिकणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. का, ते सांगतो.

आमच्या घरी, मूर्तिजापूरजवळच्या खेड्यात, आजोबांचा एकच फोटो आहे. फार वर्षांपूर्वी अकोल्याच्या एका स्टुडिओतून तो मोठा करून आणलेला. मूळची लहान प्रत हरवली. आजी त्याला हार घालते, पण दरवेळी म्हणते, "हे ते नोयत. मस तर त्याइच्या उजव्या गालावर होती." आम्ही हसत असू. म्हातारीला आता आठवत नसेल, असे मलाही वाटे.

यंदा वर्गात शिकलो की संगणकातले चित्र म्हणजे याद्यांची यादी. काळ्यापांढऱ्या फोटोची प्रत्येक आडवी ओळ ही एक यादी. तिच्यात ० ते २५५ पर्यंतचे आकडे, ० म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. अशा सगळ्या ओळींची मिळून एक मोठी यादी. सरावाला मिळाले ते शून्य-एकाचे तीन ओळींचे चित्र. त्यात सुलटे कोणते तेच कळेना! असली बेचव उदाहरणे देऊ नयेत, ही माझी तक्रार आहेच. दिवाळीच्या सुटीत मी आजोबांच्या फोटोचा फोटो काढून अमरावतीला आणला होता. तोच घेऊन बसलो.

मोठी यादी उलट केली, तर आजोबा शीर्षासनात! ओळींचा क्रम फिरला होता, ओळी तशाच होत्या. डाव्याचे उजवे व्हायला प्रत्येक ओळ आतून उलटावी लागते. तेही केले, पण मूळ चित्र राहावे म्हणून ठेवलेली नक्कलही सोबत उलटली. नक्कल झाली होती फक्त बाहेरच्या यादीची. आतल्या ओळी दोघींच्या सामाईक. कापसाच्या गाठींची यादी दुसऱ्या कागदावर उतरवली म्हणून गाठी दुप्पट होत नाहीत, त्यातलाच प्रकार. शेवटी चौकटी कंसात दोन अपूर्णविराम आणि उणे एक लिहून प्रत्येक ओळीची नवी, उलटी ओळ घडवली. मूळही राहिले, उलटेही मिळाले.

दोन्ही शेजारी ठेवले आणि खिसा दिसला. भिंतीवरच्या फोटोत शर्टाचा खिसा उजव्या छातीवर आहे. पुरुषाच्या शर्टाला तो डावीकडे असतो. रोज शर्ट घालूनही मी हे कधी पाहिले नव्हते. निगेटिव्ह उलट्या बाजूने लावली गेली असणार. म्हणजे आजीच बरोबर होती!

संगणकाला ही दोन्ही चित्रे सारखीच. आकडे तेच, क्रम तेवढा वेगळा. खरे कोणते, हे सांगायला कुणाची तरी आठवण लागते आणि ती तपासायला खिशासारखा पुरावा. साक्ष तपासणे आम्ही इतिहासात शिकतो, पाठभेद ताडून पाहणे मराठीच्या तासाला. मग हे काम आमचे नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? बटण दाबले की एक चित्र जाऊन दुसरे येते. दोन्ही शेजारी ठेवून बघण्याची वेळच येत नाही.

नवी प्रत काढून घरी नेली. आजीने पदराने काच पुसली, बराच वेळ पाहिले. मी जुना फोटो उतरवायला लागलो तर म्हणाली, "राहू दे तो बी. एवढी वर्सं त्यालेच हार घातला."

सध्या दोन्ही भिंतीवर आहेत.