चढाओढ दोघांची, भुर्दंड लोकांना

सर्व्हरच्या प्रोसेसरसाठी इंटेल आणि एएमडी यांच्यात चाललेल्या चढाओढीचा दाखला मुक्त स्पर्धेचे भाट आवर्जून देतात. तिच्यामुळे यंत्रे सुधारली, हे खरे. इंटेलची २००१ मधील इटॅनियम ही नवी रचना बाजारात रुजली नाही. २००३ मध्ये एएमडीने जुन्या एक्स८६ रचनेलाच ६४ बिटांची जोड दिली आणि पुढच्याच वर्षी इंटेलला तीच वाट धरावी लागली.

परंतु हा आखाडा खुला आहे काय? प्रोसेसरला कळणारा आज्ञासंच हीच मुळी येथे खासगी मालमत्ता; तिच्याभोवती या दोघांच्या परस्पर परवाना-करारांचे कुंपण. एआरएमचे आव्हान वाढताच ऑक्टोबर २०२४ मध्ये हे हाडवैरी एक्स८६च्या रक्षणासाठी एका सल्लागार मंडळात शेजारी बसले!

आणि पीछेहाटीची किंमत कोणी मोजली? ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने १५,००० नोकऱ्यांवर कुऱ्हाड चालविण्याचे जाहीर केले. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने सुमारे १० टक्के भागभांडवल घेऊन तिला टेकू दिला. नफा भागधारकांचा, तोटा मात्र कामगारांचा आणि करदात्यांचा.

यावर उतारा आहे. २०१० साली बर्कले येथील सार्वजनिक विद्यापीठात जन्मलेला 'रिस्क-फाइव्ह' हा आज्ञासंच कोणालाही विनाशुल्क वापरता येतो. आयआयटी मद्रासने 'शक्ती' प्रोसेसर त्याच पायावर उभारला. सरकारी पैसा ओतायचाच, तर तो अशा सामाईक ठेव्यासाठी ओतावा. व्याकरणावर कोणाची मालकी नसते. मग यंत्राच्या भाषेवर ती का असावी?