क्लच जळाला, पण कशामुळे?

आमच्या थोरल्या बंधूंची कायनेटिक होंडा १९९५ सालची. देहूरोडच्या बाजारपेठेत त्यांचे किराण्याचे दुकान. पाय ठेवायच्या जागेत गुळाची ढेप आणि तेलाचा डबा ठेवून त्यांनी विकासनगरपासून शेलारवाडीपर्यंत वर्षानुवर्षे घरपोच माल दिला. दादा गेल्यानंतर स्कूटर पुतण्याकडे आली. ‘‘काका, दुसरी कोणतीही गाडी घेईन, पण ही विकणार नाही,’’ असे त्याने वहिनींसमोर सांगितले, तेव्हा मी गप्प राहिलो. व्यवहार म्हणून तो निर्णय मला पटला नव्हता.

गेल्या पावसाळ्यात तळेगावला माल पोहोचविण्यास निघालेला पुतण्या सोमाटण्याच्या चढावर अडकला. इंजिन ओरडत होते, गाडी मात्र पुढे सरकत नव्हती आणि जळक्या रबराचा वास येत होता. मेस्त्रींनी क्लचचे शू बदलले, तीन दिवसांत गाडी घरी आली. दोन महिन्यांनी तोच चढ, तोच वास, आणि या वेळी इंजिनही जाम झाले.

या स्कूटरची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. अहमदनगरचे हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक समूहाने १९८४ साली होंडाच्या सहकार्याने ही गाडी आणली. त्यांचे बंधू नवलमल फिरोदिया यांचे नाव आपल्या शेजारच्या आकुर्डीतील बजाज टेम्पोशी जोडलेले आहे, हे जुन्या वाचकांना ठाऊक असेलच. बटण दाबताच सुरू होणारी, गिअर नसलेली ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक स्कूटर त्या काळी नवलाची होती. गिअरच्या जागी तिच्यात रबराचा पट्टा आहे. पुढची व मागची अशा दोन पुल्या असून प्रत्येक पुली दोन शंक्वाकार चकत्यांची. इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या पुलीतील रोलर बाहेर फेकले जातात, चकत्या जवळ येतात आणि पट्टा वर चढतो. त्याच वेळी मागच्या पुलीत तो स्प्रिंगचा दाब सोसून खाली उतरतो. मागच्या पुलीला लागून क्लच आहे. त्याचे शू वेगाने फिरताना फाकतात, बाहेरच्या वाटीला घट्ट धरतात आणि चाक फिरू लागते.

हीच रचना मी काही वर्षांपूर्वी गुलमर्गला पाहिली होती. बर्फावरून धावणाऱ्या, पुढे दोन पट्ट्या आणि मागे रबरी साखळपट्टा असलेल्या गाडीला तिथे स्नो स्कूटर म्हणतात. कॅनडातील क्यूबेक प्रांतात जोसेफ-आर्मां बोम्बार्डिए यांनी १९५९ साली ‘स्की-डू’ बाजारात आणली आणि असली हलकी बर्फगाडी घरोघरी पोहोचली. आमच्या चालकाने वाटेत बाजूचे झाकण उघडले, तर आत पट्टा आणि दोन पुल्या! फरक इतकाच, की तिच्यात निराळे शू नसतात, पुढची पुलीच क्लचचे काम करते. इंजिन संथ चालू असताना पट्टा तिच्यात सैल असतो. वेग वाढला की चकत्या त्याला पकडतात. चालकाने झाकणाखाली एक जादा पट्टा जपून ठेवला होता. भर बर्फात पट्टा तुटला तर मदतीस कोण येणार? त्याच्या गाडीचे इंजिनही एकदा बदललेले होते. इंजिन बसवणे सोपे, असे तो म्हणाला. अवघड काम होते ते दोन्ही पुल्या नेमक्या एका रेषेत आणणे आणि नव्या इंजिनाच्या ताकदीला जुळतील अशी वजने व स्प्रिंग निवडणे. रेषा चुकली, की नवा पट्टाही लवकर झिजतो.

ते आठवून मी पुतण्याला दुसऱ्या गॅरेजमध्ये नेले. तिथल्या वयस्क मेस्त्रींनी शूंकडे पाहिलेच नाही. पट्ट्याच्या कप्प्यावरून बोट फिरवून तेलकट बोट आम्हाला दाखवले. क्रँकचे ऑइल सील कडक होऊन चिरले होते. त्यातून झिरपणारे तेल पट्ट्यावर जाई, पट्टा घसरे, पुढे शूही तेलकट होऊन घसरत व जळत. त्याच चिरेतून इंजिन बाहेरची हवा ओढून घेई; टू-स्ट्रोक इंजिनात मिश्रण असे पातळ झाले की पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो. अर्धशे-शंभर रुपयांच्या वस्तूने आधी क्लच खाल्ला आणि मग इंजिन. पहिल्या गॅरेजने जळालेला भाग बदलला, जळण्याचे कारण मात्र आत तसेच राहिले. मी बँकेत थकीत कर्जे पाहिली आहेत. हप्ता का थकला हे न विचारता नवे कर्ज देऊन जुने खाते नियमित करण्याची पद्धत मला इथे आठवली.

क्रँकही गेला होता, म्हणून इंजिन बदलण्याचे ठरले. या स्कूटरमध्ये इंजिन, पट्ट्याचा कप्पा आणि मागचे चाक हा एकच संच असतो. मुख्य बोल्ट, शॉक अॅब्सॉर्बर, केबली, तारा व नळ्या सोडवल्या की तो खाली येतो. कसबी हाताला अर्धा दिवस पुरतो. पुण्याच्या नाना पेठेत जुने संच मिळतात, त्यामुळे मोह मोठा. ‘‘उद्या संध्याकाळी गाडी तयार,’’ असे सांगणारे दोघे भेटले. बिल मागताच दोघेही अन्य गिऱ्हाइकाकडे वळले.

इथे मी अडून बसलो. इंजिनावर क्रमांक कोरलेला असतो, तोच नोंदणी प्रमाणपत्रावर आणि विम्याच्या पॉलिसीत असतो. वाहनकर्जाच्या फायलीत चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलने घासलेला ठसा आम्ही चिकटवत असू, तो उगाच नव्हे. आमच्या शाखेच्या एका कर्जदाराने मालवाहू तीनचाकीचे इंजिन बदलले आणि कुणाला कळवले नाही. पुढे ती गाडी चोरीस गेली. कागदावरचे इंजिन त्याच्याच अंगणात पडलेले आढळले, तेव्हा विम्याचा दावा अडला. गाडी नाही, धंदा नाही, हप्ते मात्र चालू. त्याच्या पत्नीने बांगड्या मोडून खाते बंद केले. ती पावती माझ्या हातची आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मंजुरीने करावयाचा असतो. मंजुरीवाचून इंजिन बदलले गेले असेल, तर १४ दिवसांच्या आत कळवून प्रमाणपत्रावर नोंद करून घ्यावी लागते. कर्ज चालू असेल तर बँकेची लेखी संमती आधी. विमा कंपनीलाही कळवावे. आमच्या गाडीची १५ वर्षे केव्हाच उलटली आहेत. दर पाच वर्षांच्या नूतनीकरणाला निरीक्षक क्रमांक तपासतोच. शिवाय जुने इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले, तर दुकानाच्या नावावर पोलीस चौकशी, ही धास्ती निराळी.

पुतण्या चिडला. दिवाळीचा हंगाम तोंडावर होता, माल पोहोचवण्यास रोज रिक्षा करावी लागत होती. ‘‘काका, तुमच्या कागदांपायी माझी गिऱ्हाइके जातील,’’ असे तो बोलून गेला. तीन गिऱ्हाइके गेलीही, हे मला कबूल केले पाहिजे.

अखेरीस त्याच बनावटीचे व प्रकारचे इंजिन, विक्रेत्याचे बिल आणि मूळ गाडीच्या प्रमाणपत्राची प्रत, असे तिन्ही मिळाले. मेस्त्रींनी बसवण्यापूर्वी सर्व सीले नवी घातली. रोलर एका बाजूने चपटे झाले होते, ते पट्ट्यासह बदलले. तपासणी होऊन नवा क्रमांक प्रमाणपत्रावर चढला, विम्यातही आला. वहिनींनी ते प्रमाणपत्र दादांच्या जुन्या पाकिटात ठेवले.

जुने इंजिन दुकानाच्या गोदामात पोत्याखाली होते. भंगारवाला दोनदा येऊन गेला. नोंद हातात येईपर्यंत मी ते देऊ दिले नाही. दिले तेव्हा क्रमांकाचा ठसा काढून घेतला आणि त्यावर त्याची सही.