फावल्या वेळाची पिशवी

क्रोशाने विणलेली रंगीत पिशवी कुणाला भेट मिळाली की आपल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : "किती सुरेख! फावल्या वेळात केलीस वाटतं?" बोलणाऱ्याच्या मनात वावगे काही नसते, हे आम्ही जाणतो. तरीही या वाक्यातला 'फावला वेळ' आम्हाला मान्य नाही. तो आपल्या बोलण्यातून हद्दपार व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी ती वस्तू काय आहे ते पाहू. हल्ली मैत्रिणीला, सुनेला, भाचीला दिली जाणारी पिशवी पुष्कळदा चौकोनांची असते. मधोमध साखळीचे कडे, त्यात तीन-तीन खांबांचे पुंजके, कोपऱ्यांत साखळीची फट आणि दर फेरीला निराळा रंग. असे 13 चौकोन तिरपे जोडले की पिशवी आकाराला येते. सराईत हाताला एका चौकोनास अर्धा तास धरला तरी साडेसहा तास केवळ चौकोनांतच जातात. पुढे जोडकाम आहे. मग मुक्या खांबांनी घट्ट विणलेले बंद, कारण सैल विणीचा बंद चार नारळांच्या ओझ्याने गुडघ्यापर्यंत लोंबतो. आतून कापडी अस्तर हवेच, नाही तर किल्ल्या नि कंगवे जाळीतून बाहेर डोकावतात. आणि या सगळ्याहून किचकट म्हणजे टोके. दर फेरीच्या रंगाची आरंभीची व शेवटची अशी दोन टोके सुटतात. चार रंगांच्या चौकोनाला आठ, तर 13 चौकोनांना 104. ती एकेक करून सुईत ओवून विणीत दडवावी लागतात. काम उत्तम झाल्याची खूण हीच, की पाहणाऱ्याला एकही टोक दिसत नाही. जे दिसत नाही त्याचा हिशेब मग कोण धरणार?

(जाता जाता एक गोष्ट साहित्यप्रेमींच्या कानावर घालावीशी वाटते. 'क्रोशे' हा शब्द फ्रेंच. अर्थ लहानसा आकडा. पण साखळी, खांब, मुका खांब, जाळी ही सारी परिभाषा मराठी बायकांनी घरात बसून घडवली. त्यासाठी कोणती समिती नेमावी लागली नाही, अनुदानही लागले नाही.)

आता हा वेळ 'फावला' कसा? आमच्या माहितीतल्या कोणत्याही घरात बाईला दुपार आयती फावत नाही. ती कुकरच्या दोन शिट्ट्यांमधून, दवाखान्याच्या बाकावरून, दुपारच्या झोपेतून काढलेली असते. पुरुषाने संध्याकाळी दोन तास सतार वाजवली तर ती साधना. बाईने तेच दोन तास विणले तर तो विरंगुळा. शब्दांची ही वाटणी कुणी केली?

आणि हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. त्याची किंमत कुणी मोजली आहे हे पाहायला आम्हा हैदराबादकरांना फार लांब जावे लागत नाही. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली आपली गोदावरी समुद्राला मिळण्यापूर्वी फुटते. तिच्या वसिष्ठ शाखेच्या काठी नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी तिथे क्रोशाच्या लेसचे काम रुजवले आणि पुढे तो माल परदेशी जाऊ लागला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथल्या विणकरणींमध्ये राहून अभ्यास केला. त्यांचे पुस्तक 1982 मध्ये निघाले. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा : या बायका जगाच्या बाजारासाठी रोज कित्येक तास राबत होत्या, पण त्यांना कामगार कुणी म्हणत नव्हते. त्या 'गृहिणी' आणि त्यांचे काम म्हणजे रिकाम्या वेळातला उद्योग, अशी सर्वांची, कित्येकदा त्यांची स्वतःचीही समजूत. या समजुतीच्या आधारावरच मजुरी तळाला राहिली आणि नफा दलाल व निर्यातदारांच्या पदरी गेला. 2024 मध्ये नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंदच आहे. पण मानांकन मालाला मिळते, तासांना नाही.

दोन सुयांचे विणकाम यंत्राने केव्हाच उचलले. मोजे विणण्याचे यंत्र इंग्लंडात विल्यम ली याने 1589 मध्येच केले होते. खरा क्रोशा मात्र आजही कारखान्यात यंत्रावर निघत नाही. तेव्हा एखाद्या झगमगीत दुकानात अशी पिशवी वडापावच्या भावात दिसली, तर ती एक तर क्रोशाची नक्कल असते, किंवा कुठल्या तरी बाईचे तास त्यात फुकट गेलेले असतात. आपल्या दिवाणखान्यातला 'फावला वेळ' आणि त्या दलालाचा 'रिकामा वेळ' हे दोन नाहीत. शब्द एकच आहे.

यावर काही जुने स्नेही म्हणतात, भेटीचे तास मोजू लागलात तर ती भेट कसली? प्रेमाचा हिशेब का मांडायचा? हा आक्षेप आपल्या घराण्यांनी घ्यावा याची आम्हाला गंमत वाटते. लग्नात आहेराची वही घेऊन एक विश्वासू माणूस बसवण्याची रीत आपलीच ना? स्टीलच्या वाटीवरसुद्धा देणाऱ्याचे नाव नि तारीख घालून घेणारे आपणच. पातेले मोजले, लुगडे मोजले, पाकीट तर मोजलेच मोजले. फक्त हाताने केलेली वस्तू वहीत चढली नाही. रुखवतावर मांडलेल्या क्रोशाच्या तोरणाखाली ते कुणी विणले याची साधी चिठ्ठी नसे. आणि आता तर रुखवतच भाड्याने येते, तेव्हा तोही प्रश्न मिटला. आमचे म्हणणे एवढेच, की देणारीने मोजू नये आणि घेणाऱ्याने मोजल्याशिवाय राहू नये.

दुसरा एक हितचिंतकांचा वर्ग 2020 च्या टाळेबंदीनंतर फार वाढला आहे. तो पिशवी पाहताच म्हणतो, "अहो, विकायला ठेवा!" जिला विकायची तिने अवश्य विकावी, आणि भाव तासांवरून लावावा, दोऱ्याच्या वजनावरून नव्हे. पण जिने ती भाचीसाठी, भाचीच्या आवडीचा निळा रंग शोधून विणली, तिच्या हाती दुकानाची पाटी देणे म्हणजे तिने काय केले हेच न कळणे. तिला गिऱ्हाईक नको होते. भाची होती.

राहता राहिल्या त्या, ज्या म्हणतात, "मलाही एक करून दे ना, दोरा मी आणून देते." दोरा हा त्या पिशवीचा सर्वांत स्वस्त भाग आहे. तो आणू नये. त्याऐवजी सुई घेऊन एका दुपारी स्वतःच यावे. 104 टोके आहेत. निम्मी दडवून झाली की मग मागण्याचे पाहू.