बाँड मेला, त्यात बिघडलं काय?

'नो टाइम टू डाय'च्या शेवटी जेम्स बाँड मरतो. चित्रपट येऊन चार वर्षं उलटली आहेत, त्यामुळे हे सांगून कुणाचा रसभंग होईल असं वाटत नाही. तरीही चार बाँडप्रेमी जमले की अजून तोच विषय निघतो आणि तेच वाक्य ऐकू येतं : 'बाकी सगळं ठीक होतं हो, पण त्याला मारायला नको होतं.' कुणी म्हणतं, हा चाहत्यांचा विश्वासघात आहे. कुणी म्हणतं, डॅनिएल क्रेगला जायचं होतं तर त्याने खुशाल जावं, जाताना पात्राला सोबत कशाला न्यायचं? आणि कुणी दोन्ही हात झटकून सांगतं की आपल्यासाठी मालिका 'स्पेक्टर'लाच संपली.

मला ही तक्रार मान्य नाही. चित्रपट निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. रामी मलेकचा खलनायक साफिन कच्चा आहे, त्याला नेमकं काय हवंय ते शेवटपर्यंत कळत नाही आणि १६३ मिनिटांतली वीस तरी सहज कापता आली असती. यावर भांडा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. पण चाहत्यांचा राग यावर नव्हताच. त्यांचा राग होता तो, आपल्याला न विचारता गोष्ट संपवली यावर. हा राग मला चुकीचा वाटतो आणि तो वाढत गेला तर त्यातून चांगले चित्रपट निघणं अवघड आहे असंही वाटतं.

महाराष्ट्रातल्या प्रेक्षकांची यात एक खास गंमत झाली होती. चित्रपट भारतात ३० सप्टेंबर २०२१ ला लागला, पण आपल्याकडची थिएटरं उघडली २२ ऑक्टोबरला, तीही निम्म्या क्षमतेने. म्हणजे बंगळुरूवाल्यांनी पाहून घेतला आणि पुण्या-मुंबईतल्या लोकांना तीन आठवडे आधीच शेवट कळून चुकला. त्या तीन आठवड्यांत माझ्या ओळखीतल्या कित्येकांनी चित्रपट न पाहताच त्याच्यावर मत बनवलं होतं आणि पाहून आल्यावरही त्यात काडीचा फरक पडला नाही. शेवट ठाऊक असणं ही अडचण नव्हती. शेवट काय असायला हवा हे आधीच ठरलेलं होतं, ही खरी अडचण.

आता मुद्दे एकेक करून घेऊ.

पहिला मुद्दा : 'बाँड मरत नाही, हे इयान फ्लेमिंगने ठरवून दिलंय.' असं म्हणणाऱ्यांनी फ्लेमिंग वाचलेला नसतो. १९५७ च्या 'फ्रॉम रशिया, विथ लव्ह' या कादंबरीच्या शेवटी रोझा क्लेबच्या बुटातलं विषारी पातं बाँडला लागतं आणि तो जमिनीवर कोसळतो. पुस्तक तिथेच संपतं. तो जगला हे वाचकांना कळलं पुढच्या वर्षी, 'डॉक्टर नो' आल्यावर. १९६४ च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मध्ये तर बाँड मेला असं समजून त्याच्यावरचा मृत्युलेखच छापून येतो. प्रत्यक्षात तो स्मृती गमावून जपानमधल्या एका बेटावर राहत असतो आणि किसी सुझुकीला त्याच्यापासून दिवस गेलेले असतात, ज्याचा त्याला पत्ताही नसतो. साफिनच्या बेटावरची विषारी बाग आली कुठून? याच कादंबरीतून. बाँडला मूल कुठून सुचलं? याच कादंबरीतून. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी फ्लेमिंगचं नाव घेऊन बोटं मोडली गेली, त्या दोन्हींची बीजं फ्लेमिंगकडेच आहेत. पटकथाकारांनी एवढंच केलं की फ्लेमिंग जिथे कडेवरून परत फिरला, तिथून ते पुढे गेले.

आणि स्वतः फ्लेमिंग तरी कुठे हटून बसला होता? शॉन कॉनरी त्याला सुरुवातीला बाँड म्हणून पटला नव्हता. पडद्यावर पाहिल्यावर पटला आणि त्याच मृत्युलेखात त्याने बाँडचा बाप स्कॉटिश करून टाकला. लेखक आपल्या पात्राबद्दलचं मत बदलू शकतो. ते पात्र आयतं मिळालेल्या चाहत्याला मात्र ते जमत नाही.

दुसरा मुद्दा : 'बाँड मेला तर मालिकेची सलगता गेली.' कोणती सलगता? १९८५ च्या 'अ व्ह्यू टू अ किल'मध्ये रॉजर मूर सत्तावन्न वर्षांचा होता आणि दोनच वर्षांनी टिमथी डाल्टनच्या रूपात बाँड चाळिशीचा होऊन परत आला. कुणी जन्मदाखला मागितला नाही. १९६९ मध्ये जॉर्ज लेझनबीच्या बाँडची बायको ट्रेसी मारली जाते आणि १९८१ मध्ये तिच्या थडग्यावर फुलं घेऊन येतो तो रॉजर मूर. २००६ च्या 'कसिनो रॉयाल'मध्ये बाँडला नव्यानेच परवाना मिळतो, म्हणजे आधीचे वीस चित्रपट पुसले गेले. पण 'एम'च्या खुर्चीत मात्र तीच जुडी डेंच. हे सगळं आपण बिनतक्रार गिळलं आणि ठीकच केलं, कारण गोष्ट ऐकायची तर एवढी सूट द्यावीच लागते. मग नेमकी मृत्यूच्या वेळीच सलगता का आठवली?

उलट खरी सलग कथा आहे ती क्रेगच्या पाच चित्रपटांचीच. व्हेस्पर मरते, त्या धक्क्यातून बाँड पाषाण होतो, 'स्कायफॉल'मध्ये 'एम'ला गमावतो आणि शेवटच्या चित्रपटात व्हेस्परच्या कबरीपाशी येतो. ज्या माणसाची गोष्ट आपण परवान्यासाठी केलेल्या पहिल्या दोन खुनांपासून पाहिली, तिचा शेवट त्याच्या मरणात होणं यात आगंतुक काय आहे? क्रेगने मुलाखतींत सांगितलंय की बर्लिनमधल्या 'कसिनो रॉयाल'च्या खेळानंतर, म्हणजे २००६ मध्येच, त्याने निर्मात्या बार्बरा ब्रोकोलींना विचारलं होतं की शेवटच्या चित्रपटात बाँडला मारता येईल का, आणि त्यांनी होकार दिला होता. 'आजकालच्या फॅशनपायी बाँडला मारला' म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात घ्यावी.

तिसरा मुद्दा मला सगळ्यांत गंभीर वाटतो, म्हणून तो नीट घेतो. लोक म्हणतात : '२०२१ साल होतं. घरोघरी माणसं गेली होती. ऑक्सिजनसाठी, बेडसाठी लोक वणवण फिरले होते. अशा वेळी दीड वर्षानंतर थिएटरात गेलो, तर निदान एक माणूस तरी मरणार नाही एवढी अपेक्षाही करू नये का?'

ही अपेक्षा मला कळते. पण मग पडद्यावर काय आहे तेही बघू. बाँडच्या अंगात असं काही सोडलं जातं, की त्याने मॅडलेनला किंवा त्यांच्या मुलीला, माथिल्डला, स्पर्श केला तर त्या दोघी मरतील. त्यावर उतारा नाही. बेटावर क्षेपणास्त्रं येत असतात, तो जखमी असतो, पण त्याच्या मरणाचं खरं कारण हे आहे. जिवंत राहिला तरी तो पोरीला उचलून घेऊ शकणार नाही. मग तो मॅडलेनशी रेडिओवर बोलतो आणि निरोप घेतो. हे चित्रीकरण २०१९ मधलं, साथीच्या आधीचं. प्रदर्शन मात्र तीनदा पुढे ढकललं गेलं आणि चित्रपट अशा जगात आला जिथे हजारो माणसांनी आपल्या माणसाचा निरोप व्हिडिओ कॉलवर घेतला होता, काचेआडून घेतला होता किंवा घेताच आला नव्हता.

ज्यांना त्या दिवसांत हे पाहवलं नाही, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण बॉम्ब निकामी झाला, उतारा सापडला आणि बाँड सूट झटकत बाहेर आला, असा शेवट असता तर तो दिलासा ठरला असता का? माझ्या मते तो आपल्या दुःखाची टिंगल ठरला असता. पंचवीस चित्रपटांत या माणसाने बायका बदलल्या, गाड्या फोडल्या, शेकड्यांनी माणसं मारली आणि कशाचीच किंमत मोजली नाही. एकदाच त्याला आपल्यासारखी किंमत मोजावी लागली. त्या वर्षी थिएटरातल्या काळोखात कित्येक लोक रडले ते यामुळे, आणि मला ते रडणं खरं वाटतं.

नायक मरणं आपल्याला नवीन आहे असंही नाही. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ मध्ये आली. कर्ण मरणार हे पहिलं पान उघडण्याआधीच वाचकाला ठाऊक असतं. तरी तीन पिढ्या ती वाचत आल्या आहेत. पुढच्या आवृत्तीत रथाचं चाक तेवढं वर काढा, असं पत्र कुणी प्रकाशकाला धाडल्याचं ऐकिवात नाही. कृष्णासारखा कृष्ण एका व्याधाच्या बाणाने गेला, ही गोष्ट आपल्या आज्या सहज सांगायच्या. मग इंग्रजांच्या एका सरकारी नोकराला अमरत्वाचा हट्ट कशासाठी?

यावर उत्तर येतं की बाँड हे महाकाव्य नाही, करमणूक आहे, आणि करमणुकीत प्रेक्षक हा राजा. आपल्याकडे प्रेक्षकाच्या या राज्याला जुना शब्द आहे, 'वन्स मोअर'. संगीत नाटकं त्यापायी रात्ररात्र चालत. पण वन्स मोअर देणारा आधी पद ऐकायचा, त्याला ते आवडायचं आणि मग तो पुन्हा मागायचा. आजचा चाहता पद सुरू होण्याआधीच चाल ठरवून मागतो. २००५ च्या ऑक्टोबरात क्रेगचं नाव जाहीर झालं, तेव्हा केस पिवळे आहेत, उंची कमी आहे म्हणून बहिष्काराची मोहीम निघाली. त्याच क्रेगला 'कसिनो रॉयाल'साठी बाफ्टाचं नामांकन मिळालं आणि आज तीच मंडळी त्याच्या बाँडच्या मरणाने हळहळतात. २०१९ मध्ये बातमी फुटली की ००७ हा क्रमांक लशाना लिंच या कृष्णवर्णीय अभिनेत्रीकडे जाणार. तिला नको नको ते ऐकावं लागलं. प्रत्यक्ष चित्रपटात काय आहे? तिची नोमी आपण होऊन 'एम'ला सांगते की तो क्रमांक बाँडला परत द्या. दोन वर्षांचा संताप अस्तित्वातच नसलेल्या चित्रपटावर खर्च झाला.

मी सॉफ्टवेअर लिहितो. तिथे वापरणाऱ्याचं ऐकणं हा धर्म आहे. आम्ही एखादं बटण हलवलं आणि लोक ओरडले, तर बहुतेक वेळा लोकच बरोबर असतात, कारण ते बटण त्यांच्या कामासाठी आहे. ही सवय अंगात भिनलेला माणूस म्हणूनच सांगतो, की गोष्टीला हा नियम लावता येत नाही. बटण अपेक्षेप्रमाणे चालावं लागतं. गोष्ट अपेक्षेप्रमाणेच चालली तर ती ऐकायची कशाला?

हे सगळं आज उगाळण्याचं कारण आहे. २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनने एमजीएम विकत घेतली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बाँडची सर्जनशील सूत्रं ब्रोकोली आणि मायकल विल्सन यांच्याकडून अ‍ॅमेझॉनकडे गेली. ती बातमी आल्या आल्या जेफ बेझोसने काय केलं? पुढचा बाँड म्हणून तुम्ही कुणाला निवडाल, असं समाजमाध्यमावर लोकांना विचारलं. लोकांनी हौसेने नावं सुचवली. गंमत म्हणून ठीक आहे. पण पुढच्या चित्रपटासाठी डेनी व्हिलनव्हसारखा दिग्दर्शक नेमल्यावर त्याचं ऐकायचं की या मतदानाचं, हा प्रश्न कधी ना कधी येणारच. ब्रोकोली कुटुंबाने चुकीचेही निर्णय घेतले, पण निर्णय घेतले. लोक ओरडत असताना क्रेगला घेतलं, लोक ओरडणार हे ठाऊक असून बाँडला मारलं. कोण कुठल्या मिनिटाला चित्रपट बंद करतं याची नोंद ज्या कंपनीकडे असते, तिला 'नेहमीचंच द्या' हे आपण ओरडून सांगायचीही गरज नाही.

चाहत्यांनी गप्प बसावं असं माझं म्हणणं नाही. २०१५ मध्ये आपल्या सेन्सॉर बोर्डाने 'स्पेक्टर'मधली चुंबनं निम्मी कापली, तेव्हा 'संस्कारी बाँड' म्हणून देशभर खिल्ली उडाली आणि ते योग्यच झालं. २०२५ च्या ऑक्टोबरात प्राइम व्हिडिओवरच्या जुन्या बाँडपटांच्या चित्रांतून पिस्तुलं पुसलेली दिसली. चाहत्यांनी आरडाओरडा केला आणि ती चित्रं हटवावी लागली. तेही योग्य. या दोन्ही वेळी चाहते सांगत होते की जे केलंय ते जसं आहे तसं आमच्यापर्यंत येऊ द्या. बाँडला मारायला नको होतं म्हणणारे नेमकं उलटं मागताहेत. त्यांना कात्री स्वतःच्या हातात हवी आहे.

'नो टाइम टू डाय'च्या श्रेयनामावलीनंतर नेहमीप्रमाणे पाटी येते की जेम्स बाँड परत येणार आहे. तो येईल, नवा चेहरा घेऊन येईल, आणि कुणाला त्याचे केस खटकतील, कुणाला वय, कुणाला रंग. त्याने काय करावं आणि काय करू नये याची यादी त्याच्या हाती देण्याआधी एकदा तिकीट काढून बघू या. मग हव्या तेवढ्या शिव्या घालू.