१५ टक्क्यांचं गौडबंगाल

चाकांवर ८५ हॉर्सपॉवर मिळाली? ०.८५ ने भागा, इंजिनाची १०० आली! हा सर्रास चालणारा हिशोब मला अजिबात पटत नाही. त्याच गाडीचं इंजिन ट्यून करून चाकांवर १७० काढली, तर तूट १५ वरून ३० होते म्हणे. म्हणजे २२ किलोवॅट उष्णता, २ किलोवॅटचे ११ गिझर! गिअरबॉक्स तोच, ऑईल तेच, आरपीएम तेवढेच. दात्यांचं घर्षण टॉर्कबरोबर वाढतं, मान्य. पण ऑईल घुसळण्यात जाणारी पॉवर वेगावर ठरते. त्यापेक्षा कोस्ट-डाऊन बरी: क्लच दाबायचा आणि रोलर मंदावताना ड्रॅग मोजायचा. मात्र तेव्हा गिअरवर लोड नसतो, त्यामुळे त्यांची तूट कमीच दिसते. (टायरचा ड्रॅगही त्यातच मिसळलेला!) मग रिपोर्टमध्ये सरळ चाकांवरचाच आकडा लिहा ना राव!