पुस्तक, कॅसेट आणि गंधकाची पुडी



एका वाचक भगिनीने पत्रातून विचारले आहे, "साहेब, तुम्ही सदा खताबियाण्याचेच लिहिता. तुम्ही स्वतः कधी गोष्टी-गाण्यांची पुस्तके वाचता की नाही? गाणी ऐकता की नाही?" प्रश्न रास्त आहे. म्हणून या खेपेस फवारणी बाजूला ठेवतो आणि एका पुस्तकाची हकीकत सांगतो. मात्र बियाणे त्यातही येणारच, त्याला माझा इलाज नाही.

सुमारे तीस वर्षांपूर्वी पुण्याहून शेतीची पदवी घेऊन मी जळगाव जिल्ह्यातल्या एका गावी नोकरीवर रुजू झालो. मी मूळचा साताऱ्याकडचा. ट्रंकेत कपड्यांखाली तीन गोष्टी होत्या : आपल्या खात्याच्या 'शेतकरी' मासिकाचे जुने अंक, बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यांचे पुस्तक आणि त्यांच्याच गाण्यांची उत्तरा केळकर यांच्या आवाजातली एक कॅसेट. मासिक नोकरीसाठी, कॅसेट करमणुकीसाठी. पुस्तक मात्र कॉलेजात असताना हौसेने घेतले होते आणि निम्मे न कळल्यामुळे मिटून ठेवले होते. त्यातली बोली आमच्याकडची नव्हे.

बहिणाबाईंची गाणी मी लहानपणी रेडिओवर ऐकली होती. १९६१ साली आलेल्या 'मानिनी' या चित्रपटात त्यांतली काही घेतली होती आणि वसंत पवारांनी त्यांना चाली दिल्या होत्या. सुगरणीच्या खोप्याचे गाणे आमच्या घरी सर्वांच्या तोंडी होते. ते सिनेमासाठीच कोणी कवीने रचले असावे, असे मला कितीतरी वर्षे वाटत होते. कधी शाळेची पायरी न चढलेल्या, शेतात राबणाऱ्या एका बाईचे ते बोल आहेत, हे पुढे पुस्तकामुळे कळले.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या आसोदे गावी झाला. लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरी घराण्यात आल्या. लहान वयातच वैधव्य आले. मुले आणि शेती सांभाळता सांभाळता, जात्यावर आणि वावरात त्या गाणी रचीत. लिहिता येत नव्हते. मुलगा सोपानदेव, जे पुढे स्वतः नावाजलेले कवी झाले, आणि नात्यातले पीतांबर चौधरी यांनी त्यांपैकी जी कानी पडली ती उतरवून घेतली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. मग ती वही आचार्य अत्र्यांच्या पाहण्यात आली आणि त्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली पुस्तक निघाले. वही नसती तर पुस्तक नसते, आणि पुस्तक नसते तर सिनेमातले गाणेही नसते.

असो. त्या गावी मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहिलो, त्या घरच्या मावशी पन्नाशीच्या होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. संध्याकाळी मी टेपरेकॉर्डर लावला की भाकरी थापता थापता त्या ऐकत. एकदा आषाढात पाऊस लागला होता. कॅसेट चालू असतानाच वीज गेली आणि गाणे मध्येच थांबले. मावशी आतून म्हणाल्या, "भाऊ, पुढचं सांग ना."

पुढचे मला पाठ नव्हते. म्हणून कंदील लावून पुस्तक काढले. ते गाणे वाचून झाल्यावर त्यांनी आणखी वाचायला सांगितले. मी पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी असे क्रमाने वाचत गेलो. मी अडखळायचो, मावशी शब्द दुरुस्त करायच्या. कॉलेजात ज्या शब्दांपुढे मी पेन्सिलीने प्रश्नचिन्हे केली होती, ते त्यांच्या रोजच्या बोलण्यातले होते. खळ्यावर वाऱ्याची वाट पाहणे आले तेव्हा त्यांनी पिठाचा हात तसाच वर धरून सूप कसे धरायचे ते दाखवले.

मग त्यांनी विचारले, "हे खळ्याचं गाणं तुह्या त्या डब्यात कायले नाही?"

मी सांगितले, मावशी, कॅसेटीत थोडीच गाणी मावतात. जुन्या तबकडीवर तर जेमतेम तीन मिनिटांचे एक गाणे बसे. लोकांना आवडतील ती निवडतात. त्या म्हणाल्या, "म्हंजे कामाचं ठेवलं पुस्तकात, नि गोड गोड घेतलं डब्यात."

यात कॅसेटीवर अन्याय आहे, हे मी कबूल करतो. त्या गोड आवाजामुळेच तर मावशींच्या आणि पुस्तकाच्या गाठीची सुरुवात झाली. पण त्यांचे बोलणे माझ्या मनात राहिले. गाणे ऐकताना माझे लक्ष चालीकडे असे. पुस्तक मोठ्याने वाचल्यावर प्रथमच दिसले की पेरणीपासून उपणणीपर्यंतचे शेतातले एकेक काम ही बाई स्वतः केलेल्या माणसाच्या तोंडून सांगते आहे.

त्यानंतर मावशी एकदम म्हणाल्या, "भाऊ, तू चावडीत बियाण्याचं सांगत होता ना, तवा एक तरी बाई व्हती का तठी?"

नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी मी ज्वारीच्या काणीवर चावडीत व्याख्यान दिले होते. दाणे काणीचे बीजाणू बियाण्याच्या अंगाला चिकटून राहतात, आणि पुढच्या हंगामात कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते. उपाय स्वस्त आहे : पेरणीपूर्वी एक किलो बियाण्याला ३०० मेश गंधकाची भुकटी ४ ग्रॅम चोळायची. मासिकातला मजकूर मी अक्षरशः पाठ म्हणून दाखवला होता. सर्वांनी माना डोलावल्या, पुड्या नेल्या. तरी सुगीच्या वेळी काणी होतीच. लोक ऐकत नाहीत, असा शेरा मी वहीत मारून मोकळा झालो होतो.

मावशी उठल्या आणि देवळीतून एक पुडी आणून माझ्यापुढे ठेवली. फोडलेलीसुद्धा नव्हती. "कणगीतून बी काढनं माहं, निवडनं माहं, चाड्यावर मूठ माही. ह्यांनी पुडी आनून ठेवली देवळीत. कशाची, ते मले कुनी सांगितलंच नाही."

मला त्या रात्री फार ओशाळल्यासारखे झाले. मासिकातली मात्रा बरोबर होती. ती मात्रा ज्या हातापर्यंत पोचायला हवी, तो हात मी पाहिलाच नव्हता. आणि पुस्तक तर चार वर्षे माझ्या ट्रंकेत पडून होते.

पुढच्या पेरणीआधी मावशींच्या ओट्यावर दुपारच्या वेळी बायका जमवल्या. मडक्यात बियाणे आणि गंधक घालून, तोंडाला फडके बांधून, हलवून दाखवले. हात धुवावेत, हे बियाणे पोरांच्या आणि गुरांच्या तोंडी जाऊ देऊ नये, दळणात तर मुळीच नाही, हेही सांगितले. त्या सालच्या सुगीत मावशींच्या वावरात काणीचे कणीस शोधावे लागले. तेव्हापासून बियाण्याची बैठक घरच्या बाईशिवाय घ्यायची नाही, हा नियम मी आजवर पाळला आहे.

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनीस उत्तर. बाई, मी वाचतो, ऐकतोही. दोन्ही जवळ असले तर आधी ऐकावे, मग पुस्तक घेऊन घरातल्या वडीलधाऱ्या बाईला मोठ्याने वाचून दाखवावे. आपल्याला न कळलेले तिला पुष्कळ कळते.

आणखी एक सांगणे आहे. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्या आता मोबाइलवरही वाचायला मिळतात, आणि कितीएक गाणारणीच्या स्वतःच्या आवाजात ऐकताही येतात. पण तुमच्या आजीच्या ओव्या त्यांत असतीलच असे नाही. आज घरोघरी मोबाइल आहे, पोरांच्या दप्तरात वही आहे. दिवाळीच्या सुटीत आजीला जात्याजवळ नाहीतर चुलीजवळ बसवा, तिला म्हणू द्या, आणि ती म्हणेल ते तिच्याच बोलीत, एक अक्षर न सुधारता, उतरवून घ्या. बहिणाबाईंची पुष्कळ गाणी लिहून घेणारे कोणी जवळ नव्हते म्हणून वावरातच विरली.

पुढच्या खेपेस हरभऱ्यावरची घाटेअळी. तोवर बियाणे काढले असेल तर चोळून ठेवा, आणि कोणी चोळायचे ते घरात नीट सांगा.