टिपणवहीच्या पुरवण्या

व्यापाऱ्याची स्मरणशक्ती त्याच्या वहीत वास करते. रोजमेळ व खतावणी हिशेब सांगतात. परंतु कोणी कोणता वायदा केला, कोणत्या गाडीतील धान ओलसर निघाले, हे टिपणवहीच सांगते. ही टिपणवही आता संगणकात व भ्रमणध्वनीत आली असून आमची तरुण मंडळी तिला नाना पुरवण्या, म्हणजेच प्लगिन, जोडू लागली आहेत. त्यांविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

उदाहरणादाखल ऑब्सिडियन हे अ‍ॅप घेऊ. ते २०२० साली लोकांपुढे आले व २०२५ पासून व्यापारी उपयोगासही विनामूल्य आहे. त्यातील प्रत्येक टिपण साध्या मजकुराची फाइल म्हणून आपल्याच यंत्रावर राहते. ‘कॅलेंडर’ ही पुरवणी तारखेवर बोट ठेवताच त्या दिवसाचे टिपण उघडते. ‘टास्क्स’ ही वसुलीची व माल पोचविण्याची राहिलेली कामे मुदतीप्रमाणे एकत्र दाखविते. ‘डेटाव्ह्यू’ अनेक टिपणांतील भाव वा नावे वेचून त्यांचा तक्ता मांडते.

परंतु पुरवणी निवडताना कसोटी एकच असावी: उद्या ती काढून टाकली, तर टिपण वाचता येईल काय? ‘कॅलेंडर’ काढले तरी टिपणे जागच्या जागी राहतात. ‘टास्क्स’ची कामे व तारखा मजकुरातच लिहिलेल्या असतात. ‘डेटाव्ह्यू’चा तक्ता मात्र फाइलमध्ये नसतोच, तेथे केवळ प्रश्न असतो, आणि पुरवणी गेली की तक्ताही जातो. म्हणून महत्त्वाचा तक्ता साध्या मजकुरातही उतरवून ठेवावा.

मोडीत अथवा महाजनीत लिहिलेल्या वह्या आजही कित्येक पेढ्यांवर आहेत. त्या वाचणारा मात्र घरात उरलेला नाही. आजोबांचे अक्षर नातवास परके झाले. तीच गत आपल्या टिपणांची पुढील पिढीत होऊ नये, एवढीच आमची चिंता आहे.

काही गोष्टींस तर पुरवणीची गरजच नाही. बालाघाट जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या खैरलांजीसारख्या गावी, घरची बोली व सरकारी कागदाची हिंदी एकाच टिपणवहीत नांदतात. २०२१ साली भौगोलिक मानांकन लाभलेला येथील सुवासिक तांदूळ कोणी ‘चिन्नोर’ लिहितो, कोणी ‘चिन्नौर’. एक शब्द शोधला तर दुसरा सापडत नाही. अशा वेळी अ‍ॅपमध्ये मुळातच असलेल्या पर्यायी नावांच्या सोयीने दोन्ही रूपे टिपणाच्या शिरोभागी नोंदवावी, काम भागते.

आणखी एक सावधगिरी हवी. बाहेरील मंडळींनी रचलेली पुरवणी आपली सर्व टिपणे वाचू शकते, इंटरनेटशी संबंधही ठेवू शकते. म्हणूनच अशा पुरवण्या या अ‍ॅपमध्ये आरंभी बंदच असतात. त्या आपणांस जाणूनबुजून चालू कराव्या लागतात. अनोळखी माणसाच्या हाती तिजोरीची किल्ली देण्यापूर्वी आपण जेवढी चौकशी करतो, तेवढी येथेही करावी.

तेव्हा पुरवण्या अवश्य घ्याव्या. पण मोजक्या, पारखून आणि काढता येतील अशा. आमचे व्यापारी बंधू व त्यांची मुलेबाळे या सूचनेचा विचार करतील, अशी आम्हांस उमेद आहे.